मुंबई पाहायला येताना या चुका टाळा

नाशिक, कोल्हापूर किंवा नागपूरहून दोन-तीन दिवसांसाठी मुंबई पाहायला निघालेल्या कुटुंबाचा पहिला दिवस बहुधा प्रवासातच संपतो आणि दोष मात्र गर्दीच्या माथी मारला जातो. खरी चूक कार्यक्रम आखतानाच झालेली असते. मुंबई उत्तर-दक्षिण पसरलेली आहे. सकाळी साधारण ८ ते ११ या वेळेत नोकरदारांचा लोंढा चर्चगेट आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या दिशेने जातो आणि संध्याकाळी ५ ते ९ या वेळेत तोच उलट फिरतो. त्यामुळे सकाळी गेटवे, दुपारी बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान आणि संध्याकाळी पुन्हा मरीन ड्राइव्ह अशी आखणी करण्यापेक्षा एक दिवस दक्षिण मुंबईला आणि एक दिवस उपनगरांना द्यावा. मुक्काम उपनगरात असेल, तर दक्षिणेकडे जायला सकाळी ११ नंतरच निघावे.

दुसरी चूक स्थानकांच्या नावांची आहे. मुंबई सेंट्रल हे नाव ऐकून ते मध्य रेल्वेवर असेल असा समज होतो. प्रत्यक्षात ते पश्चिम रेल्वेवर आहे. वांद्रे टर्मिनस आणि लोकलचे वांद्रे स्थानक ही दोन वेगळी ठिकाणे आहेत. लोकमान्य टिळक टर्मिनसला ‘कुर्ला टर्मिनस’ म्हणत असले, तरी कुर्ला स्थानकात उतरल्यावर सामानासह आणखी बरेच अंतर जावे लागते. हार्बर मार्गावरचे टिळकनगर त्याला अधिक जवळ आहे. दादरबाबत तर नातेवाइकांचा सल्लाही तपासून घ्यावा, कारण डिसेंबर २०२३ पासून तेथील फलाटांना सलग क्रमांक मिळाले असून १ ते ७ पश्चिम रेल्वेचे आणि ८ ते १४ मध्य रेल्वेचे आहेत. जुन्या सवयीने कोणी ‘एक नंबरवर ये’ म्हणाले, तर पश्चिमेचा की मध्यचा, हे विचारून घेतलेले बरे.

लोकलमधल्या चुका मात्र अधिक महागात पडतात. गाडी स्थानकात जेमतेम अर्धा मिनिट थांबते, त्यामुळे आपले स्थानक आल्यावर जागेवरून उठणारा प्रवासी पुढच्या स्थानकावरच उतरतो. एक-दोन स्थानके आधीच दाराकडे सरकावे, पुढे उभ्या असलेल्याला ‘दादर उतरणार का?’ असे विचारावे आणि फलाट कोणत्या बाजूला येणार, तेही त्यालाच विचारावे. मुंबईकर हे हमखास सांगतो. संध्याकाळी चर्चगेटहून अंधेरी किंवा बोरिवलीला जायचे असेल, तर विरार लोकल सोडून द्यावी. ती तेथे थांबत असली, तरी दारातली गर्दी तुम्हाला उतरू देईलच असे नाही. अंधेरी किंवा बोरिवलीलाच संपणारी लोकल घ्यावी. चढण्यापूर्वी इंडिकेटरवर गाडी जलद आहे की धीमी, हेही पाहावे, कारण जलद लोकल मधली अनेक स्थानके गाळते. चुकून आपले स्थानक मागे गेलेच, तर चालत्या गाडीतून उतरण्याचा विचारही न करता पुढच्या थांब्यावर उतरून उलट दिशेची धीमी लोकल पकडावी.

प्रथम श्रेणीचा डबा बाहेरून फारसा वेगळा दिसत नाही. द्वितीय श्रेणीच्या तिकिटावर त्यात शिरल्यास भाड्यातील फरकासह किमान २५० रुपये दंड बसतो. वातानुकूलित लोकललाही साधे तिकीट चालत नाही. महिला महिलांच्या डब्यात आणि पुरुष सर्वसाधारण डब्यात चढणार असतील, तर उतरायचे स्थानक आणि तेथील भेटीची जागा आधी ठरवावी. गर्दीत फोन लागेल किंवा ऐकू येईल, या भरवशावर राहू नये.

रविवारी लोकल रिकामी असते, हे अर्धसत्य आहे. त्या दिवशी बहुधा कोणत्या ना कोणत्या मार्गावर मेगाब्लॉक, म्हणजे देखभालीसाठी काही तास गाड्या बंद ठेवणे किंवा वळवणे, असतो. त्याचे वेळापत्रक आदल्या दिवशी वृत्तपत्रांत येते. सोमवारी घारापुरीची लेणी आणि बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान बंद असतात, तर भायखळ्याची राणीची बाग, म्हणजे प्राणिसंग्रहालय, बुधवारी. सिद्धिविनायकाला मंगळवारी जायचेच असेल, तर त्या दिवसासाठी दुसरे काही ठरवू नये. हाजी अली दर्ग्याकडे जाणारा समुद्रातला रस्ता मोठ्या भरतीत पाण्याखाली जातो, म्हणून भरती-ओहोटीची वेळ पाहूनच निघावे. पावसाळ्यात घारापुरीची बोट हवामानामुळे रद्द होऊ शकते आणि जुहूच्या पाण्यात उतरणे जिवावर बेतू शकते.

दक्षिण मुंबईत रिक्षा मिळत नाही. पश्चिमेकडे वांद्र्यापर्यंत आणि पूर्वेकडे शीवपर्यंतच ती धावते. पुढे काळी-पिवळी टॅक्सी, बेस्टची बस किंवा आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ३ आहे. फेब्रुवारी २०२५ पासून टॅक्सीचे किमान भाडे ३१ रुपये आणि रिक्षाचे २६ रुपये आहे. टर्मिनसबाहेर अंगावर येऊन ‘कुठे जायचे?’ विचारणाऱ्याशी उक्ते भाडे ठरवू नये. रांगेतली टॅक्सी घेऊन मीटर टाकायला सांगावे आणि बसण्यापूर्वी गाडीच्या क्रमांकाचा फोटो काढून ठेवावा.

पिशवी लोकलमध्ये राहिली, तर गाडीमागे धावू नये. गाडी कोठून कोठे जाणारी होती, किती वाजता सुटली आणि आपण पुढून कितव्या डब्यात होतो, एवढे आठवून लगेच स्टेशन मास्तरांकडे किंवा १३९ या क्रमांकावर कळवावे. शेवटच्या स्थानकावर डबा रिकामा होण्याआधी निरोप पोहोचला, तर सामान मिळण्याची शक्यता बरीच वाढते.