लाइटरूममध्ये फोटो ‘उडाले’? या चुका टाळा

लग्नसराईचा जोर ओसरला की मला फोन येऊ लागतात. तक्रार एकच: ‘दादा, लाइटरूमनं फोटो उडवले.’ लाइटरूम हे अडोबीचं फोटो सांभाळायचं आणि एडिट करायचं सॉफ्टवेअर; ते स्वतःहून काही उडवत नाही. फोटो तुम्ही हलवलेले असतात आणि त्याला सांगितलेलं नसतं. (हे सगळं लाइटरूम क्लासिकबद्दल आहे. क्लाउडवालं लाइटरूम वेगळं चालतं.)

घोळ सुरू होतो तो ‘फोटो लाइटरूममध्ये टाकले’ या समजुतीपासून. तिथे काहीच टाकलं जात नाही. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यानं दिलेली मूळ कच्ची फाइल, डिस्कवर असते तिथेच असते. कॅटलॉग, म्हणजे एलआरकॅट एक्स्टेंशनची फाइल, हा नुसता सातबारा: कोणता फोटो कुठे आहे आणि त्यावर काय काय केलं, याची नोंद. ‘आता लाइटरूममध्ये आहेत ना’ म्हणून डिस्कवरचं मूळ फोल्डर डिलीट करून मोकळे झालेले लोक मी पाहिलेत. रिसायकल बिनही रिकामं केलं असेल, तर त्यांच्यासाठी माझ्याकडे काही उपाय नाही.

न वाचता सिंक्रोनाइझ दाबणं

माझ्या यादीत ही चूक पहिल्या नंबरावर आहे, कारण यात गेलेलं काम बहुतेकांना परत मिळत नाही.

मिरजेकडचा एक मुलगा आहे, हात चांगला आहे त्याचा. एका लग्नाचं कलर करेक्शन जवळजवळ संपवलं होतं. मग त्याला टापटिपीची हुक्की आली. विंडोजच्या एक्स्प्लोररमध्ये जाऊन त्यानं हळद, लग्न, रिसेप्शन असे तीन फोल्डर केले आणि फाइली कट-पेस्ट केल्या. लाइटरूम उघडलं, तर प्रत्येक थंबनेलवर उद्गारचिन्ह. डेव्हलपमध्ये, म्हणजे एडिटिंगच्या भागात गेला, तर स्लायडर सगळे करडे आणि फाइल सापडत नसल्याची सूचना. मग पाच मिनिटांच्या कुठल्यातरी व्हिडिओत त्याला उपाय सापडला: फोल्डरवर राइट क्लिक, सिंक्रोनाइझ फोल्डर, झालं काम.

ती खिडकी उघडली तेव्हा त्यात दोन ओळी होत्या. इम्पोर्ट न्यू फोटोज, १,६४२. रिमूव्ह मिसिंग फोटोज फ्रॉम कॅटलॉग, १,६४२. दोन्हींवर टिक. एवढंच वाचलं असतं तरी पुरे होतं. आकडे सारखे आहेत म्हणजे ‘नवे’ फोटो आणि ‘हरवलेले’ फोटो हे तेच फोटो आहेत, फक्त जागा बदललेली आहे. तुम्ही सिंक्रोनाइझ दाबता तेव्हा जुन्या नोंदी एडिटिंगसकट पुसा आणि त्याच फाइली कोऱ्या म्हणून आत घ्या, असा हुकूम देता. त्यानं दाबलं. उद्गारचिन्हं गेली. आणि सगळे फोटो कॅमेऱ्यातून निघाले तसे फिके. क्रॉप नाही, स्टार नाहीत, काही नाही. वधूकडची मंडळी अल्बमची निवड करायला रविवारी येणार होती.

नशीब, बॅकअप्स फोल्डरमध्ये कॅटलॉगची एक जुनी झिप पडून होती. त्यानंतर दर वेळी बंद करताना यानं बॅकअप टाळलेला. ती झिप सोडवून कॅटलॉग उघडला. एका फोटोच्या उद्गारचिन्हावर क्लिक, लोकेट, खरी फाइल दाखवायची आणि फाइंड निअरबाय मिसिंग फोटोज हा चौकोन टिक ठेवायचा; त्या फोल्डरमधले बाकीचे फोटो आपोआप जोडले जातात. तीन फोल्डर, तीनदा. बॅकअपनंतर केलेलं काम मात्र त्याला पुन्हा बसून करावं लागलं.

तेव्हा फाइली हलवायच्या, नावं बदलायची, ती लाइटरूमच्या आतच. बाहेर हलवून बसला असाल, तर लोकेट. अख्खं फोल्डरच हललं असेल आणि त्यावर प्रश्नचिन्ह दिसत असेल, तर राइट क्लिक करून फाइंड मिसिंग फोल्डर. सिंक्रोनाइझ हा हरवलेले फोटो शोधायचा मार्ग नाही.

मी आणखी एक करतो: कॅटलॉग सेटिंग्जमध्ये मेटाडेटाच्या टॅबखाली चेंजेस आपोआप एक्सएमपीत लिहिण्याची टिक असते, ती चालू ठेवतो. मग प्रत्येक रॉ फाइलशेजारी तिची छोटी एक्सएमपी फाइल बसते आणि कॅटलॉग गेला तरी एडिटिंग तिच्यातून परत येतं. व्हर्च्युअल कॉपी (त्याच फोटोची दुसरी एडिट) आणि कलेक्शन्स (फोटोंचे गट) तिच्यात जात नाहीत, पण स्लायडरचं काम वाचतं. यानं लाइटरूम हळू चालतं म्हणून काही जण ती टिक काढतात. काढा बापडे.

काल ई ड्राइव्ह, आज एफ

एक्सटर्नल डिस्क लावली, विंडोजनं तिला ई अक्षर दिलं, तुम्ही काम केलं. दुसऱ्या दिवशी आधी पेनड्राइव्ह लावला, ई त्याला गेलं, डिस्क झाली एफ. कॅटलॉग अजून ई वरच शोधतोय. इथे लोक घाबरून एकेक फोटो लोकेट करत बसतात, किंवा त्याहून वाईट, सगळं नव्यानं इम्पोर्ट करतात आणि मग प्रत्येक फोटो दोनदा दिसतो म्हणून पुन्हा फोन करतात. पेनड्राइव्ह काढा. डिस्क मॅनेजमेंट उघडा, डिस्कवर राइट क्लिक करून चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स निवडा आणि जुनं अक्षर परत द्या. सगळी प्रश्नचिन्हं एका फटक्यात जातात. माझ्या डिस्कांना मी पी, क्यू, आर अशी मागची अक्षरं देऊन ठेवतो आणि तेच अक्षर डिस्कवर मार्करनं लिहितो.

फोटो दिसतो, पण एडिट होत नाही

मूळ फाइल जोडलेली नसेल आणि स्मार्ट प्रिव्ह्यू, म्हणजे तिची एडिट करता येणारी छोटी प्रत, बनवलेला नसेल, तर डेव्हलप चालणारच नाही. डिस्क लावा. स्मार्ट प्रिव्ह्यू असेल तर एडिटिंग होतं, पण त्याची लांब बाजू फक्त अडीच हजार पिक्सेलच्या आसपास असते. डिस्क न लावता त्यावरून एक्स्पोर्ट केलेला फोटो १२ बाय ३६ च्या अल्बमच्या अख्ख्या पानावर पसरला, तर इंचाला जेमतेम ७० पिक्सेल येतात. प्रिंट आल्यावर लॅबवाल्याशी भांडू नका.

कॅमेरा नवा आणि लाइटरूम जुनं असेल तर रॉ फाइल ओळखलीच जात नाही. लाइटरूम ६ चं शेवटचं अपडेट डिसेंबर २०१७ चं आहे. त्यानंतरच्या कॅमेऱ्यांच्या रॉ फाइली त्यात थेट घालायचा हट्ट सोडा. रॉ फाइल डीएनजी या अडोबीच्या प्रकारात बदलणारा डीएनजी कन्व्हर्टर फुकट मिळतो, त्यातून काढून घ्या. एक्स्टेंशन बदलून सीआर३ ची (कॅननच्या रॉ फाइलची) जेपीजी करणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही.

सबस्क्रिप्शन संपलं की डेव्हलप आणि मॅप बंद होतात. फोटो दिसतात, एक्स्पोर्टही होतात. याला बिघाड म्हणत नाहीत.

पिक्चर्स फोल्डर वनड्राइव्हमध्ये गेलं असेल तर फाइलचा पत्ता बदलतो, शिवाय फाइल फक्त ऑनलाइन उरलेली असू शकते. फोल्डरवर ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ करा, किंवा मी करतो तसं कामाचे फोटो तिथे ठेवूच नका.

कॅटलॉगशेजारच्या फाइली

जागा कमी पडली की हात आधी इथेच जातो. प्रिव्ह्यूजचं एलआरडेटा, म्हणजे फोटोंच्या झलकांचा साठा, उडवलं तर ते मूळ फोटोंवरून पुन्हा बनतं, वेळ तेवढा जातो. स्मार्ट प्रिव्ह्यूजचं उडवलं, तर मूळ डिस्क लावल्याशिवाय बनत नाही. कॅटलॉग दुसऱ्या मशीनवर नेताना एलआरकॅट-डेटा नावाची फाइल सोबत न्या. २०२१ च्या ११ व्या आवृत्तीपासून एआय मास्कची माहिती तिच्यात असते. लाइटरूम क्रॅश झाल्यावर कॅटलॉग उघडेना, तर मागे राहिलेली लॉक फाइल काढायला हरकत नाही, फक्त लाइटरूम खरंच बंद आहे हे टास्क मॅनेजरमध्ये बघून घ्या. तिच्याशेजारी नावाच्या शेवटी डब्ल्यूएएल असलेली फाइल दिसली, तर तिला हात लावू नका. कॅटलॉगमध्ये अजून न उतरलेलं काम तिच्यात असू शकतं.