महिन्यातून एकदा भरणारी मानसोपचार ओपीडी: तारीख, गोळ्या आणि न आलेला पेशंट

जिथे मानसोपचारतज्ज्ञ पोचतच नाही, तिथे महिन्यातून एक दिवस जाऊन ओपीडी चालवायची असेल, तर आधी स्वतःला विचारा: किमान दोन वर्षं हा दिवस न चुकता देता येईल का? आपण आजारी पडलो तर त्या दिवशी जाईल असा दुसरा डॉक्टर ठरलेला आहे का? उत्तर नाही असेल तर थांबलेलं बरं. एकदाच शिबिर घेऊन औषधं सुरू करायची आणि पुढे ती तुटायची, यात आजार उलटतो. शिवाय ‘गोळ्यांनी काही होत नाही’ हे घरच्यांच्या मनात पक्कं बसतं. मग पुढच्या डॉक्टरकडेही ते येत नाहीत.

दिवस ठरवताना ‘पहिला मंगळवार’ असा वार धरा, लोकांना तारखेपेक्षा वार लक्षात राहतो. पण इथे एक खाच आहे. दोन पहिल्या मंगळवारांमध्ये कधी २८ दिवस असतात, कधी ३५. महिना म्हणून ३० दिवसांच्या गोळ्या दिल्या, तर लांबच्या महिन्यात शेवटचे पाच दिवस पेशंट औषधाविना राहतो, आणि दोष मात्र त्याच्यावर येतो. म्हणून ४२ दिवसांच्या गोळ्या द्या: ३५ दिवस अधिक एक आठवडा शिल्लक. आत्महत्येचा धोका असलेल्या पेशंटच्या हाती मात्र एवढा साठा देऊ नका. त्याच्या गोळ्या नातेवाइकाकडे किंवा आरोग्यसेविकेकडे ठेवून आठवड्याला एक पुडी, असं ठरवा. नैराश्यात अशा माणसाला ॲमिट्रिप्टिलीन टाळून फ्लुओक्सेटिन निवडा. ॲमिट्रिप्टिलीनचा जास्त डोस हृदयावर येतो आणि थोड्या गोळ्यांनीही जीव जाऊ शकतो.

दिवसाचा हिशेब आधीच मांडा. सहा तास म्हणजे ३६० मिनिटं. नव्या पेशंटला ४० मिनिटं लागतात, जुन्याला आठ. पाच नवे आणि वीस जुने झाले की दिवस भरला. महिन्याला चार नवे जरी टिकले, तरी पाच महिन्यांत जुन्यांच्या वीस जागा संपतात. बहुतेक ओपीड्या इथेच कोलमडतात: नव्यांना दहा मिनिटं मिळू लागतात आणि निदान चुकू लागतं. उपाय पहिल्या दिवसापासून करावा लागतो. स्थिर झालेले पेशंट स्थानिक डॉक्टरकडे सोपवायचे आणि आपण त्यांना तीन-चार महिन्यांतून एकदाच बघायचं. त्या डॉक्टरच्या प्रशिक्षणासाठी जागतिक आरोग्य संघटनेची एमएच-गॅप मार्गदर्शिका हाताशी ठेवा. ती मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्यांसाठीच लिहिलेली आहे. पहिली आवृत्ती २०१० ची, दुसरी २०१६ ची.

नव्या पेशंटचा आधी ताप, नाडी, रक्तदाब, साखर बघा. दोन-चार दिवसांत अचानक बरळू लागलेला, दिवसभरात कधी शुद्धीत तर कधी गोंधळलेला माणूस मनोरुग्ण समजून गोळ्या देऊन घरी पाठवू नका, त्याला रुग्णालय लागतं. फिट्सचे पेशंटही तुमच्याच रांगेत येतील. त्यांना परत पाठवू नका. मूल होण्याच्या वयातल्या बाईला व्हॅल्प्रोएट हे फिट्सचं औषध मात्र सुरू करू नका, त्यामुळे गर्भाला व्यंग येण्याचा धोका मोठा असतो.

डेपो इंजेक्शन, म्हणजे स्किझोफ्रेनियासारख्या आजारात एकदा दिलं की काही आठवडे हळूहळू अंगात उतरणारं औषध, अशा ठिकाणी फार उपयोगी पडतं. फ्लुफेनाझिन डेकॅनोएट साधारण १२.५ मिलिग्रॅमपासून सुरू करतात आणि दोन ते चार आठवड्यांनी देतात. ते तेलातलं असतं, म्हणून सिरिंज आणि सुई पूर्ण कोरडी हवी, नाहीतर औषध गढूळ होतं. सुई २१ गेजची, स्नायूत खोल. इंजेक्शन त्याच्या ठरल्या तारखेला स्थानिक नर्सने द्यायचं, तुमच्या फेरीची वाट बघायची नाही. मान वाकडी होणं, डोळे वर चढणं असा त्रास झाला तर प्रोमेथाझिनचं इंजेक्शन कुठे ठेवलं आहे, हे तिला माहीत असलंच पाहिजे.

लिथियम हे टोकाच्या मनःस्थितीच्या (बायपोलर) आजारावरचं औषध जवळपास रक्ततपासणी होत असेल तरच सुरू करा. नमुना शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी घ्यावा लागतो. पेशंट सकाळची गोळी घेऊन आला तर आकडा खोटाच जास्त दिसतो. ‘त्या दिवशी सकाळची गोळी खिशात आणा, रक्त दिल्यावर घ्या’ असं कार्डावरच लिहा. उन्हात राबणाऱ्याला पाणी भरपूर प्यायला आणि अंगदुखीसाठी आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मनाने न घ्यायला सांगा. अंगातलं पाणी कमी झालं किंवा अशा गोळ्या घेतल्या, की रक्तातलं लिथियम वाढतं. उलट्या, जोराची थरथर, चालताना झोक जाणं दिसलं की गोळी थांबवून लगेच तपासणी.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम. ओपीडी संपली की निघण्याआधी रजिस्टर उघडा आणि आज कोण आलं नाही ते मोठ्याने वाचा. समोर बसलेल्या पेशंटपेक्षा हे लोक जास्त धोक्यात असतात. क्लोझापिन (इतर औषधांना दाद न देणाऱ्या स्किझोफ्रेनियावरचं औषध), लिथियम आणि डेपोवाल्यांना त्याच दिवशी निरोप, बाकीच्यांना तीन दिवसांत. सलग दोनदा न आलेल्याच्या घरी जायचं. क्लोझापिन ४८ तासांहून जास्त सुटलं असेल तर पूर्वीचा पूर्ण डोस पुन्हा देऊ नका, १२.५ मिलिग्रॅमपासून परत चढवावं लागतं. हे सेविकेलाही पाठ हवं, कारण आपण तिथे नसतो.

‘का आला नाहीस?’ असं विचारलं की पेशंट बचावाच्या पवित्र्यात जातो. ‘गोळ्यांचा काही त्रास होतोय का?’ असं विचारलं की खरं बाहेर येतं. लाळ गळते, जीभ जड होते, बायकोजवळ जाता येत नाही. कधी बरं वाटलं म्हणून औषध सोडलेलं असतं, कधी दिवसाची मजुरी बुडते. त्रास असेल तर डोस बदलायचा, मजुरी बुडत असेल तर त्याला रांगेत पहिला घ्यायचा. दारात उभं राहून ‘मानसोपचाराचा दवाखाना’ असं कधीच बोलायचं नाही. निरोप कोणाकडे आणि काय सांगून द्यायचा, हे पहिल्याच भेटीत पेशंटलाच विचारून कार्डावर लिहून घ्या.

सोबत येणाऱ्या नातेवाइकाला बाहेर ताटकळत ठेवू नका. डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकून घरच्यांना पेशंटसोबत राहायला आणलं होतं. औषध रोज हातावर ठेवणारं, झोप उडाल्याचं सगळ्यात आधी ओळखणारं तेच माणूस असतं. त्याला दोन गोष्टी नीट समजावून द्या: त्या पेशंटचा आजार परत येताना पहिलं लक्षण कोणतं, आणि ते दिसल्यावर फोन कोणाला करायचा.

तो फोन रात्रंदिवस तुमचाच नसावा. आधी सेविका, मग स्थानिक डॉक्टर, मग तुम्ही, अशी ओळ लावा आणि अवघड केसेसवर बोलायला दुसऱ्या मानसोपचारतज्ज्ञाबरोबर महिन्याचा एक तास राखून ठेवा. काम सोडायची वेळ आली, तर सहा महिने आधी सांगा, नव्या डॉक्टरला तीन ओपीड्यांत शेजारी बसवा आणि डेपो, लिथियम, क्लोझापिनच्या पेशंटची यादी शेवटच्या डोसच्या तारखेसह त्यांच्या हाती द्या.