माडाच्या बुंध्यावरचा गॅनोडर्मा वेळीच ओळखा

पाऊस मुरला की कुळागरातल्या माड-पोफळींचे बुंधे वाकून तपासा, रानाला लागून असलेले तर नक्कीच. जमिनीलगत खोडाला आडवं चिकटलेलं, लाकडासारखं कठीण भूछत्र दिसलं की गॅनोडर्माचा, म्हणजे मुळं आणि बुंधा कुजवणाऱ्या बुरशीचा, संशय घ्यावा. वरून तांबूस तपकिरी, बहुधा चकचकीत. वाढ चालू असेल तर कडा पांढरी. खालच्या बाजूला अळम्यांसारखे पडदे नसतात, बारीक छिद्रं असतात. खालच्या त्या पांढरट भागावर नखाने ओरखडा काढा, रेघ तपकिरी उमटते.

पण भूछत्र दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. ते तोडून टाकलं तरी बुरशी मुळांत आणि खोडात राहतेच. त्याआधी बुंध्याशी तांबूस तपकिरी चिकट रस पाझरतो आणि डाग वर सरकत जातो. खालच्या झावळ्या पिवळ्या पडून लोंबतात. दोन-तीन मुळं उकरून बघा: तपकिरी, मऊ, कुबट वासाची असतील तर शंका फिटली. मुळं धडधाकट आणि रस फक्त खोडाच्या भेगांतून येत असेल, तर तो खोड पाझरण्याचा वेगळा रोग. त्याचा इलाजही वेगळा.

रोगट माडापासून दीड मीटरवर ६० सेंमी खोल, ३० सेंमी रुंद चर गोल खणा. पाटाचं पाणी रोगट आळ्यातून निरोगी आळ्यात जाऊ देऊ नका; बहुतेक कुळागरांत घात इथेच होतो. पावसाची उघडीप बघून आळ्यात एक टक्का बोर्डो मिश्रण ४० लिटर ओता (मोरचूद ४०० ग्रॅम, चुना ४०० ग्रॅम). मिश्रणात बुडवलेल्या लोखंडी सुरीवर तांबूस थर आला तर चुना वाढवा. महिनाभराने ५ किलो निंबोळी पेंडीत ५० ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपकारक बुरशी) मिसळून ओल्या मातीत घाला. दोन्ही एकदम दिलं तर तांब्याने ट्रायकोडर्मा मरतो आणि पैसा वाया जातो.

मुळांतून बुरशीनाशक द्यायचं तर आधी विभागीय कृषी कार्यालयात विचारा. औषध देण्यापूर्वी पाडेल्याकडून नारळ उतरवून घ्या. नंतर ४५ दिवस पाडप नको.

मेलेला माड नुसता कापू नका. बुंधा मुळांसकट उपटून जाळा. जमिनीत राहिलेल्या कुजक्या खुंटातूनच बुरशी शेजारच्या मुळांत शिरते, मग खुंट माडाचा असो वा जंगली झाडाचा.