मेक्सिकोतला मृतांचा दिवस टूरने बघायचाय? पुण्याहून निघायच्या आधी एवढं वाचा

मेक्सिकोत १ आणि २ नोव्हेंबरला दिया दे मुएर्तोस असतो. गेलेली माणसं या दोन दिवसांत घरी भेटायला येतात असं मानतात, १ तारीख लहान मुलांची आणि २ तारीख मोठ्यांची, आणि त्यांच्यासाठी घराघरात त्यांच्या आवडीचं जेवण मांडून ठेवतात. पितृपक्षात पान वाढून गच्चीवर ठेवणाऱ्या आणि कावळ्याची वाट बघणाऱ्या आपल्या लोकांना यातलं मूळ काही समजावून सांगावं लागत नाही. पण आपल्याकडे ते दिवस गंभीर, नवीन खरेदी नाही, शुभकार्य नाही, आणि तिकडे मात्र कबरीशेजारी खुर्च्या टाकून लोक गप्पा मारतात, गिटारवाले येतात, मेझ्काल नावाच्या दारूचे छोटे ग्लास फिरतात, पोरं गरम चॉकलेट पीत बसलेली असतात. बाहेरून आलेल्याला वाटतं जत्रा आहे, चला आपणही धमाल करू, आणि तिथेच घोळ होतो. ती त्या घरच्यांची आपल्या माणसाशी भेट असते आणि आपण तिथे पाहुणे असतो. टूर निवडण्यापासून फोटो काढण्यापर्यंत खाली जे लिहितेय ते सगळं या एकाच गोष्टीवर आहे.

आधी कुठे जायचं ते ठरवा, कारण सगळ्या मेक्सिकोत एकसारखं काही नसतं. मेक्सिको सिटीतली ती मोठी परेड, उंच उंच सांगाडे आणि रंगवलेले चेहरे, रील्समध्ये बघितली असेलच, ती काही जुनी परंपरा नाहीये. २०१५ च्या एका हॉलिवूडपटात तशी मिरवणूक दाखवली आणि मग २०१६ पासून शहराने खरोखरच सुरू केली. बघायला भारीच आहे, पण ती बहुतेक जवळच्या शनिवारी असते, १-२ तारखेलाच असेल असं नाही, आणि फक्त तीच दाखवून टूर संपत असेल तर एवढ्या लांब जाऊन मुख्य गोष्ट राहून जाते. त्याच शहराच्या आग्नेय टोकाला मिस्किक नावाचं जुनं गाव आहे, तिथे २ तारखेच्या संध्याकाळी चर्चच्या आवारातल्या सगळ्या कबरींवर मेणबत्त्या लावतात, धूपाचा धूर इतका असतो की पलीकडचा माणूस दिसत नाही. गर्दी प्रचंड. तरी शहरात राहूनच बघायचं असेल तर परेडपेक्षा मी मिस्किक सांगेन.

दुसरं ठिकाण मिचोआकान राज्यातलं पात्स्क्वारो सरोवर, पुरेपेचा या मूळ रहिवासी लोकांचा भाग. १ तारखेची सगळी रात्र बायका कबरीजवळ जागतात. हानित्सिओ बेट फोटोंमुळे इतकं प्रसिद्ध झालंय की त्या रात्री बोटीला रांगा आणि वर चढायला जागा नाही, त्यापेक्षा काठावरचं त्सिंत्सुंत्सान बरं. या राज्यात गुन्हेगारी टोळ्यांचा त्रास आहे, त्यामुळे इथे रात्री एकट्याने टॅक्सी करून फिरायचं नाही, स्थानिक गाइड आणि परतीची गाडी ठरलेलीच हवी, आणि जायच्या आधी ताज्या सूचना बघायच्या.

पहिल्यांदा जाणाऱ्याला मी दक्षिण मेक्सिकोतलं ओआहाकाच सुचवते. शहर पायी फिरण्यासारखं, गल्ल्यांतून बँड लावून कॉम्पार्सा म्हणजे नाचत मिरवणुका निघतात, आणि आजूबाजूच्या प्रत्येक गावाची रात्र वेगळी असते. शोशोकोत्लान, ज्याला सगळे नुसतं शोशो म्हणतात, तिथली रात्र ३१ ऑक्टोबरची. १ तारखेच्या रात्री एत्ला भागात मुएर्तेआदा, म्हणजे सोंगं, आरसे लावलेले कपडे आणि पहाटेपर्यंत ब्रास बँड. त्यामुळे २९ किंवा ३० ला ओआहाकात पोचलात तर आधी बाजार, मग स्मशान, मग मिरवणूक असं सगळं नीट लागतं. १ तारखेला सकाळी पोचवणारी टूर असेल तर अर्धं हुकलं म्हणून समजा.

आता टूर. पुण्या-मुंबईच्या बऱ्याच मोठ्या ग्रुप टूर्समध्ये मेक्सिको म्हणजे कानकुन, चिचेन इत्झा आणि एक दिवस राजधानी असं असतं आणि ब्रोशरवर मात्र कवटीचा फोटो. तो फोटो बघून पैसे भरू नका, फोन करून थेट विचारा. ३१, १ आणि २ तारखेच्या रात्री आपण नेमके कुठल्या गावात असू? स्मशानात किती वेळ, की बसमधून उतरून अर्ध्या तासात परत? गाइड त्या गावचा आहे का, तिथे त्याच्या ओळखीचं कुणी आहे का? ग्रुप किती जणांचा? माझ्या मते दहा-बारापेक्षा जास्त माणसं एका वेळी कबरींमध्ये शिरली की ती भेट राहत नाही, घुसखोरी होते. कुणाच्या घरी ओफ्रेंदा, म्हणजे गेलेल्यांसाठी घरात केलेली मांडणी, बघायला नेणार असतील तर त्या घरच्यांना त्याचे पैसे मिळतात का हेही विचारा, आणि विचारताना अजिबात लाजू नका, चांगला टूरवाला या प्रश्नाने खूश होतो. उत्तरात नुसतं 'फुल धमाल, अनलिमिटेड ड्रिंक्स, फेस पेंटिंग फ्री' आलं तर सरळ दुसरीकडे बघा. एक मधला मार्गही आहे, विमान आणि हॉटेल स्वतः बुक करायचं आणि फक्त त्या दोन-तीन रात्रींसाठी ओआहाकातला छोटा स्थानिक ग्रुप घ्यायचा. स्पॅनिश येत नसेल तरी हे जमतं, इंग्रजी बोलणारे गाइड मिळतात. मात्र हॉटेलं सहा-आठ महिने आधी धरा, त्या आठवड्यात ओआहाकात ऐनवेळी खोली मिळणं कठीण आणि मिळाली तर भाव ऐकवत नाहीत.

व्हिसाचं बरं आहे. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा शेंगेनचा चालू व्हिसा पासपोर्टवर असेल तर मेक्सिकोचा वेगळा लागत नाही, नसेल तर त्यांच्या वकिलातीत अर्ज. नियम बदलतात म्हणून तिकीट काढायच्या आधी वकिलातीच्या साइटवर एकदा खात्री करा. भारतातून थेट विमान नाही, मुंबईहून युरोप किंवा इस्तंबूलमार्गे जायचं, आणि अमेरिकेतून बदलायचं असेल तर नुसत्या ट्रान्झिटलाही अमेरिकेचा व्हिसा हवाच. घड्याळ आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे, म्हणजे दिवस-रात्र उलटीच, आणि ज्या रात्री जागायचंय त्याच्या आधी निदान दोन दिवस शरीराला द्या. मेक्सिको सिटी २,२४० मीटरवर आहे, पहिल्या दिवशी जिने चढताना धाप लागते, घाबरू नका. घरचे 'दिवाळी सोडून कुठे चाललात' म्हणणार असतील तर तारखा बघून घ्या, २०२६ ला लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, आरामात परत येता येतं.

कपडे: दिवसा पुण्याच्या डिसेंबरसारखं छान ऊन, पण रात्री गारठा, पात्स्क्वारोला तर कानटोपीच लागते. पायात बंद बूट, कारण स्मशानात जमीन ओली, मेण सांडलेलं, आणि काळोखात कबरीच्या कडा दिसत नाहीत. छोटा टॉर्च घ्या पण तो जमिनीकडे धरायचा, लोकांच्या तोंडावर नाही.

शाकाहारी मंडळींनी हे नीट वाचा. ओआहाकाचं जेवण जगात भारी, पण तामालेस म्हणजे मक्याच्या पिठाचे वाफवलेले उंडे, त्यांच्या पिठात आणि बीन्समध्ये बहुतेक वेळा डुकराची चरबी असते, तिला मांतेका म्हणतात, आणि मोलेचा रस्सा चिकनच्या पाण्यात केलेला असतो. नुसतं 'कार्ने', म्हणजे मांस, नको म्हणालात तर चिकन वाढतील, म्हणून 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन मांतेका' (मांस नको, चिकन नको, चरबी नको) असं पूर्ण पाठ करा किंवा कागदावर लिहून खिशात ठेवा. मक्याच्या तोर्तिया, केसियो चीज, ग्वाकामोले, भाजलेलं मक्याचं कणीस, चॉकलेट, आतोले हे मक्याच्या पिठाचं गरम पेय, यावर दिवस निघतात. पान दे मुएर्तो हा या दिवसांचा खास गोड पाव, वर हाडांसारखे आकार, ओआहाकात तर मध्ये छोटा चेहरा बसवतात, त्यात अंडं असतं. घरात कुणी वाढलं आणि खाता येत नसेल तर हात छातीवर ठेवून ग्रासियास (धन्यवाद) म्हणा आणि पाणी मागा, नुसतं ताट सरकवू नका.

ओफ्रेंदासमोर उभे राहिलात की घाईने फोटो काढायच्या आधी एकेक वस्तू बघा, गाइडला विचारा. पाण्याचा ग्लास, कारण लांबून आलेल्याला तहान लागते. मीठ. कोपाल नावाचा धूप, राळेसारखा वास. कातरलेल्या कागदाच्या पताका. गेलेल्याची सिगरेट, चष्मा, आवडती बीअर. प्रत्येकासाठी एक मेणबत्ती, आणि बऱ्याच घरी एक जास्तीची, ज्याची आठवण काढायला कुणी उरलं नाही त्याच्यासाठी. दारापासून तिथपर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट, रंगाने आणि वासाने रस्ता सापडावा म्हणून. हो, आपलाच तो झेंडू, दसऱ्याला मार्केट यार्डात ढीग लागतात तोच, मूळचा मेक्सिकोचा. सोबत गडद लाल कोंबडा नावाचं फूलसुद्धा असतं. युनेस्कोने २००८ साली ही परंपरा आपल्या यादीत घेतली, पण ती टिकलीय ती या घरांतल्या टेबलांवर.

शोशोच्या जुन्या स्मशानात एक आजी बघितल्या. त्या खाली बसून झेंडूची फुलं एकेक करून कुस्करत होत्या, देठ एका बाजूला, पाकळ्या पदरासारख्या धरलेल्या शालीत, आणि मग मातीवर पाकळ्यांचा क्रॉस, बोटाने कडा सरळ करत करत. शेजारी नातू मोबाइलवर गाणं लावत होता, आजी त्याला सांगत होत्या हे नको, दुसरं, त्यांना ते आवडायचं. आमच्या गाइडने तेवढंच भाषांतर केलं आणि तो गप्प बसला. आम्ही जरा लांबूनच उभे होतो. मग आजींनीच हात करून बोलावलं आणि हातात फुलं दिली, आणि आम्हीही पाकळ्या सोडवत बसलो.

स्मशानात शिरताना फुलं किंवा मेणबत्त्या घेऊन जा, बाहेरच बाजार असतो. कबरीवरून ओलांडायचं नाही, कडेकडेने चालायचं. फोटोआधी 'पुएदो तोमार ऊना फोतो?' विचारा, मान हलली तरच काढा, फ्लॅश बंद, आणि रडणाऱ्या माणसाचा तर काढूच नका. ड्रोन, सेल्फी स्टिक हॉटेलवर ठेवा. कात्रिनाचा मेकअप करायचा असेल तर मिरवणुकीच्या दिवशी जरूर करा, ती मूळ चित्रकार होसे ग्वादालुपे पोसादाच्या १९१० च्या आसपासच्या व्यंगचित्रातली टोपीवाली कवटी, चित्रकार दिएगो रिवेराने १९४७ च्या भित्तिचित्रात तिला पूर्ण पोशाख दिला, आणि ते चित्र मेक्सिको सिटीत आलामेदा बागेशेजारी आजही बघता येतं. पण रात्री कबरींमध्ये जाताना तोंड धुऊन जावं असं मला मनापासून वाटतं.

आणि निघताना आपल्या गेलेल्या माणसाचा एक छोटा छापील फोटो बरोबर घ्या. बऱ्याच हॉटेलांत, चौकांत सार्वजनिक ओफ्रेंदा असते, गाइडला विचारून तिथे ठेवता येतो, आजोबांना आवडायची म्हणून पॅकबंद बाकरवडीचं पाकीट शेजारी ठेवलं तरी कुणी नाही म्हणत नाही, उलट हे कोण, काय करायचे, असं विचारतात. ताजी फळं, फुलं, बिया मात्र इथून नेऊ नका, विमानतळावर काढून घेतील. परतीचं विमान ३ तारखेच्या सकाळचं घेऊ नका. २ ची रात्र उशिरा संपते आणि गावाहून शहरात यायला रस्ते तुंबलेले असतात, त्यामुळे ४ तारीख धरा, म्हणजे ३ ला नीट झोप काढून बाजारात कोपाल आणि चॉकलेट घ्यायलाही वेळ मिळतो.