बोडीतलं पाणी आणि तेरड्याचं खोड: एकपेशीय जीव व झाड यांच्या रचनेतला फरक कसा पाहावा

एकपेशीय जीव आणि झाड यांतला फरक तक्ता आखून पाठ करण्यापेक्षा एकदा पाहून घेतलेला बरा. शाळेतला साधा सूक्ष्मदर्शक पुरतो, बाकी सामान गावातच मिळतं.

१. बोडीच्या (शेताजवळच्या लहान तळ्याच्या) किंवा मामा तलावाच्या (जुन्या मालगुजारी तलावाच्या) काठचं पाणी बरणीत घ्या. त्यात मूठभर तणस (भाताचा वाळलेला पेंढा) टाका, झाकण सैल लावा आणि बरणी सावलीत ठेवा. तणशीवर आधी जिवाणू वाढतात, मग त्यांना खाणारे पॅरामेशियम हे एकपेशीय जीव. आठवडाभरात वर पातळ साय धरते, वासही सुटतो. म्हणून फेकून देऊ नका, तेच तर हवं आहे.

२. सायीखालचा थेंब काचपट्टीवर घ्या. पॅरामेशियम भारी चपळ, नजरेत ठरतच नाही. थेंबात कापसाचे दोन-चार तंतू पसरून कव्हरस्लिप (झाकायची पातळ काच) ठेवली की ते तंतूंत अडकून थबकतं. १०० पटीत शोधा, ४०० पटीत न्याहाळा. आकार चपलेच्या तळव्यासारखा. कडेनं बारीक केसांची थरथर, बाजूला अन्न आत ओढणारी खाच आणि आत एक गोल पिशवी, हळूहळू फुगणारी, एकदम मिटणारी. ही संकोची रिक्तिका. पेशीभोवती ताठ भिंत नाही, त्यामुळे आत शिरणारं पाणी सतत उपसावं लागतं. नाहीतर पेशी फुटेल. इथे आयोडीन घालू नका, जीव मरतो.

३. कांद्याचा पापुद्रा मात्र आयोडीनमध्येच बुडवा. विटांसारख्या रचलेल्या पेशी, त्यांच्या भिंती आणि केंद्रक दिसेल.

४. बहुतेक जण इथेच थांबतात. पण कांद्यात एकाच तऱ्हेच्या पेशी दिसतात. कामाची वाटणी दिसत नाही. तेरड्याची कोवळी फांदी लाल शाईच्या पाण्यात काही तास उभी ठेवा आणि ब्लेडनं आडवी पातळ चकती कापा. लाल ठिपक्यांचं कडं नुसत्या डोळ्यांनीही दिसतं. त्या जलवाहिन्या. त्यांचं मुख्य काम पाणी वर चढवणं. अन्न वाहणाऱ्या पेशी वेगळ्या, बाहेरची साल वेगळी.

५. आता दुसऱ्या पायरीतला कापूस पुन्हा पाहा. एकेक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवरची एकच पेशी, लांबी जवळपास ३ सेंटिमीटर! पॅरामेशियम मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढंही नसतं, तरी एकटं जगतं. हा तंतू पऱ्हाटीच्या (कपाशीच्या झाडाच्या) जिवावर वाढतो आणि बोंड फुटेपर्यंत मरून गेलेला असतो. आपण वेचतो ती त्याची उरलेली सेल्युलोजची भिंत.

बरणीतलं पाणी उकिरड्यावर ओता, हात साबणानं धुवा.