लव्हक्राफ्टची कथा पडद्यावर आणताना

एच. पी. लव्हक्राफ्ट या अमेरिकन भयकथाकाराच्या कथेवर पटकथा लिहायला बसलं की नवख्यांचा हात आधी राक्षसाच्या चित्राकडे जातो. ते नंतर बघू. कोणाला काय कळतं, कधी आणि कोणाच्या तोंडून, हे आधी ठरवा. त्याच्या कथांमधली भीती या क्रमातच असते.

सरावासाठी 'द कलर आउट ऑफ स्पेस' (1927) घ्या. एकच शेत, तिथे पडलेली उल्का, गार्डनरांचं एकच कुटुंब, आणि चितारण्यासारखा राक्षसच नाही. दोनदा नुसती वाचा. तिसऱ्यांदा वाचताना कागदावर तीन रकाने आखा: घटना, ती पाहणारा, ती सांगणारा. निवेदक सर्व्हेअरने जवळजवळ काहीच पाहिलेलं नाही, हे लगेच ध्यानात येईल. तो ॲमी पीअर्स या म्हाताऱ्याचं ऐकतो, आणि गार्डनरांच्या घरात काय घडलं ते ॲमीलाही तुकड्यातुकड्यांनीच कळलेलं आहे. पंधरा मिनिटांच्या लघुपटात (पानाला एक मिनिट धरलं तर पंधरा पानं) सर्व्हेअर काढला तरी चालेल. ॲमी मात्र ठेवा. कॅमेरा थेट गार्डनरांच्या घरात मुक्कामाला नेला की उरते ती आजारी कुटुंबाची गोष्ट. शेजाऱ्याच्या नजरेतून दर भेटीत थोडं अधिक बिघडलेलं घर दिसणं, हे सगळं निसटतं.

दुसरा सापळा विशेषणांचा. 'अवर्णनीय', 'अनाम' असले शब्द व्हॉइस-ओव्हरमध्ये वाचून दाखवले की प्रेक्षक जांभया देतो. कथेत त्याहून भक्कम सामग्री पडलेली आहे. उल्केचा तुकडा गार होत नाही, झिजत जातो आणि शेवटी काचेच्या बीकरसकट नाहीसा होतो. फळं मोठी, तुकतुकीत, आणि चवीला कडू. वेड लागलेल्या गार्डनरबाईच्या बडबडीत एकही ठोस नाम नाही, फक्त क्रियापदं आणि सर्वनामं. संवादलेखकाला याहून चांगली भेट कोण देणार? "ते हलतंय... घेऊन चाललंय... मला धरलंय, सोडत नाही." असं लिहा आणि कर्ता कधीच सांगू नका.

आता रंग. कथेतला, उल्केसोबत आलेला रंग आपल्या वर्णपटात बसत नाही. याच कथेवरच्या 2010 च्या जर्मन 'डी फार्बे'ने अख्खा चित्रपट कृष्णधवल ठेवून फक्त तो रंग रंगीत दाखवला. 2019 च्या चित्रपटाने मजेंटा निवडला, तोही विचारपूर्वक वाटतो: मजेंटाला स्वतःची एक तरंगलांबी नसते, लाल आणि निळा एकत्र पोचले की तो आपल्याला दिसतो. तुम्ही तोच वापरणार असाल तर शूटिंगआधी कपडे, पडदे, भांडी यांतून गुलाबी-जांभळं सगळं काढून टाका, नाहीतर रंग आल्याचं कोणाला जाणवणारच नाही. गडद एलईडी प्रकाशात लाल किंवा निळा चॅनेल इतरांआधी क्लिप होतो (कमाल मर्यादेला जाऊन त्यातले बारकावे जातात) आणि चेहऱ्यावर सपाट डाग दिसतात. एक्स्पोजर एक स्टॉप खाली (म्हणजे निम्म्या प्रकाशावर) ठेवा, लाल-हिरवा-निळा वेगवेगळा दाखवणारा आरजीबी हिस्टोग्राम बघा. धुक्यातल्या झळाळीत 8-बिट फुटेजला (रंगछटांच्या पायऱ्या कमी असल्याने) पट्टे पडतात, म्हणून 10-बिटमध्ये शूट करा.

लव्हक्राफ्टचीच 'द कॉल ऑफ कथुलू' मुळात जमवलेल्या कागदपत्रांची गोष्ट आहे. 2005 साली ती कृष्णधवल मूकपट म्हणून केली गेली, आणि मूकपटातल्या मजकुराच्या पाट्यांमुळे पत्रं, कात्रणं सहज सामावली. अपुऱ्या बजेटला याहून शहाणा मार्ग क्वचितच सापडेल.

नारायण धारप वाचत वाढलेल्या मराठी लेखकाला शेवटी धारपांच्या कथांतल्या तारणहारासारखा कोणीतरी 'समर्थ' धावून यावा असं वाटतं. इथे कोणी येत नाही. शेवटी वाचवणारा मंत्र किंवा शस्त्र घातलंत तर आधीची सगळी मेहनत वाया जाते.

हक्कांचं म्हणाल तर लव्हक्राफ्ट 1937 साली वारला आणि भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी हक्क संपतात, त्यामुळे त्याच्या हयातीत छापलेल्या कथा इथे मोकळ्या आहेत. त्याच्या कथाविश्वात ऑगस्ट डर्लेथ या लेखकाने नंतर जोडलेल्या गोष्टी मात्र नाहीत. डर्लेथ 1971 साली वारला, म्हणजे 2031 अखेरपर्यंत थांबावं लागेल. प्रत्येक देव, ग्रंथ, गाव मूळ कथेत आहे का ते ताडून मगच पटकथेत घ्या, कारण गेम आणि कॉमिक्समधून ओळखीची झालेली बरीच नावं लव्हक्राफ्टची नाहीतच.