पोटरीचा ताण: पाऊल नव्हे, टाच धरा

सेरेब्रल पाल्सीत (लहानपणी मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर होणारा परिणाम) पोटरीचे स्नायू ताठर राहतात आणि हाड वाढतं त्या वेगाने ते लांबत नाहीत. म्हणून मूल चवड्यांवर चालतं. घरी ताण द्यायला बहुतेकजण पाऊल बोटांकडून वर ढकलतात, आणि चूक तिथेच होते. टाच जागची हलत नाही, पाऊल मधेच वाकतं, तळव्याची कमान बसते. पाहणाऱ्याला मात्र घोटा वर आल्यासारखा वाटतो.

मुलाला सतरंजीवर उताणं झोपवा, मऊ गादीवर नको. आधी पाय गुडघ्यात आठ-दहा वेळा सावकाश वाकवून सरळ करा. मग एक हात मांडीवर, गुडघ्याच्या जरा वर (वाटीवर दाब नको). दुसऱ्या हाताच्या तळव्यात टाच धरा, मनगट ते कोपर हा हाताचा भाग पावलाच्या तळव्याला टेकवा. टाच किंचित आतल्या बाजूला वळवून खाली ओढा आणि हाताच्या आधाराने पाऊल नडगीकडे न्या. पाच अंक मोजत न्यायचं, 30 सेकंद थांबायचं. असं चार-पाच वेळा, दिवसातून दोनदा. नंतर हेच गुडघा वाकवून करा, कारण पोटरीतला खोलवरचा स्नायू गुडघा सरळ असताना पुरेसा ताणला जात नाही.

झटक्यात नेलंत तर पाऊल थडथडायला लागतं. जोर लावू नका. दाब कमी करा, गुडघा वाकवा, थांबलं की अधिक सावकाश सुरू करा. रडत, अंग ताठ करत असलेल्या मुलाला ताण देण्यात अर्थ नाही, स्नायू उलट आवळतो.

एवढ्या मिनिटांनी स्नायू लांबत नाही, त्याला तासन्‌तास ताण लागतो. म्हणून स्प्लिंट, म्हणजे पाऊल आणि घोटा ताणलेल्या स्थितीत धरून ठेवणारा साचा. आत पायमोजा बिनसुरकुतीचा, गुडघा वाकवून टाच मागे पूर्ण बसवायची, आधी घोट्याचा पट्टा आवळायचा. काढल्यावरचा लालपणा अर्ध्या तासात गेला नाही किंवा बोटं कडेबाहेर आली तर स्प्लिंट बदलून घ्या. जिल्हा रुग्णालयात शीघ्र हस्तक्षेप केंद्र (मुलांच्या वाढीतल्या अडचणींवर तपासणी आणि उपचार करणारं) असेल तर आधी तिथे चौकशी करा.

आणि मिळालेली लांबी वापरली पाहिजे. गुडघे काटकोनात येतील अशा स्टुलावर बसवा, खेळणं समोर थोडं लांब धरा, म्हणजे नाक पायाच्या बोटांच्या पुढे येऊन मूल उठेल. दहा वेळा. टाच उचलली गेली तर पावलं जरा पुढे सरकवा. तरीही उचलली तर स्टूल उंच घ्या.